घामाचा वास, ऑपरेशनचा सल्ला आणि आपला बचत गट

 

आजचा विषय आपल्या बैठकीत मोठ्यानं कुणी काढत नाही. पाळीबद्दल आपण आता बोलायला लागलो, अंगावरून जाण्याबद्दलही बोलतो. पण काखेच्या वासाबद्दल अजून कुजबुजच चालते. बाई समोर असताना कुणी बोलत नाही, ती उठून गेली की पदर नाकाला लागतो. आम्ही समन्वयक म्हणून गावोगावच्या गटांत जातो, तेव्हा हे बघतो. जिच्याबद्दल कुजबुज होते तिलाही ते कळतं. मग ती मागं बसायला लागते, सही करून लवकर निघते आणि एक दिवस बैठकीला यायचीच बंद होते.

या विषयावर बोलायचं ठरवलं ते एका कर्जाच्या अर्जामुळं. आमच्या एका गटातल्या ताईंनी मुलीसाठी ४० हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर गप्प. अध्यक्षांनी बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा त्या रडायलाच लागल्या. मुलगी १९ वर्षांची. एसटीत शेजारी कुणी बसत नाही म्हणून तिनं कॉलेज सोडलेलं. पाहुणे बघायला येणार होते. शहरातल्या एका खाजगी दवाखान्याच्या जाहिरातीत लिहिलं होतं, काखेचं छोटं ऑपरेशन करा, एका तासात वास कायमचा बंद. ताई म्हणाल्या, "लग्नाआधी एवढं उरकून घेते, मग हप्ते फेडत बसते."

बैठकीत एकदोघी हसल्या. एक आजी म्हणाल्या, "वासाला कुठं कर्ज असतं का गं?" पण ज्या दुखण्यानं मुलीचं शिक्षण सुटतं, ते दुखणं खरंच आहे. कर्ज द्यायचं की नाही हा प्रश्न दुसरा. आधी हे ऑपरेशन म्हणजे काय, ते कुणाला लागतं आणि कुणाला लागत नाही, एवढं तरी आपल्याला कळायला हवं. आम्ही डॉक्टर नाही. पण या निमित्तानं त्वचारोगाच्या डॉक्टरांकडून जे समजून घेतलं, ते आज तुमच्यापुढं मांडतो.

पहिली गोष्ट. ताज्या घामाला जवळजवळ वास नसतो. आपल्या अंगावर घामाच्या दोन तऱ्हेच्या ग्रंथी असतात. एक तऱ्हा सगळ्या अंगभर, २० ते ४० लाख. त्यांतून पाण्यासारखा, खारट घाम येतो आणि अंग थंड राहतं. दुसरी तऱ्हा काखेत, जांघेत आणि स्तनाग्रांभोवती असते. तिच्यातून थोडा दाटसर स्राव येतो. या दुसऱ्या ग्रंथी लहानपणी झोपलेल्या असतात, वयात आल्यावर जाग्या होतात. म्हणून लहान लेकरू दिवसभर उन्हात खेळून आलं तरी त्याच्या काखेला मोठ्या माणसासारखा वास येत नाही. हा दाटसर स्राव त्वचेवरचे जंतू खातात आणि त्यातून वास तयार होतो. म्हणजे स्राव, जंतू आणि ओल, अशा तिघांची ही भट्टी आहे. यातलं एक जरी कमी केलं तरी वास कमी होतो.

दुसरी गोष्ट. कुणाला वास जास्त, कुणाला कमी, हे बरंचसं जन्मानं ठरतं. जपान, कोरिया, तैवान या देशांत बहुतेक लोकांच्या कानातला मळ कोरडा, भुशासारखा असतो आणि त्यांच्या काखेला वास फार कमी असतो. कानातला मळ कोरडा की चिकट, हे एकाच जनुकावर ठरतं, असं जपानी शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं. काखेच्या वासाचं नातंही त्याच जनुकाशी आहे. तिकडं बहुतेकांना वास नसतो, म्हणून ज्याला असतो तो लगेच उठून दिसतो. त्यामुळं काखेच्या वासाचं ऑपरेशन त्या देशांत बऱ्याच वर्षांपासून होत आलंय. आपल्याकडं बहुतेकांच्या कानातला मळ चिकट असतो. म्हणजे आपल्यातल्या बहुतेकांच्या काखेला थोडाफार वास असणारच. तो रोग नाही. ऊस तोडून, भांगलण करून, दिवसभर रोजगार हमीवर माती उचलून आलेल्या बाईच्या अंगाला घामाचा वास आला, तर तो कष्टाचा आहे. त्याची लाज तिला वाटायचं कारण नाही.

मग वैद्याकडं कधी जायचं? रोज धुऊन, स्वच्छ कपडे घालूनही थोड्याच वेळात हातभर अंतरावरच्या माणसाला वास जाणवतो, त्यापायी कामधंदा, शाळा, लोकांत मिसळणं अडतं, तेव्हा. वास अचानक वाढला किंवा बदलला, तेव्हाही. रात्री झोपेत घामानं कपडे भिजत असतील, वजन उतरत असेल, छाती धडधडत असेल, तर नुसत्या वासावर न थांबता साखर, थायरॉईड आणि बाकीची तपासणी करून घ्यायची. काखेत गाठ लागली तर एक दिवसही लपवायचं नाही. ती साधी काखमांजरी असेल, नाहीतर स्तनाच्या आजाराची खूणही असेल. काखेत पुन्हापुन्हा गळवं येतात, फुटतात, वाहतात, खळगे पडतात, तो आजारही वेगळा आहे आणि त्याचे उपचारही वेगळे.

आता घरच्या उपायांकडं येऊ. आपल्यात म्हण आहे, काखेत कळसा आणि गावाला वळसा. आपल्या विषयाला ती अगदी शब्दशः लागू पडते.

अंघोळीला पाणी कमी असलं तरी काखेसाठी एक तांब्या पाणी आणि साबण राखून ठेवायचा. टंचाईच्या दिवसांत पूर्ण अंघोळ नाही जमली, तर सकाळ-संध्याकाळ नुसती काख धुवायची आणि कोरड्या फडक्यानं टिपायची. ओल राहिली की जंतूंची चंगळ.

काखेतले केस कात्रीनं बारीक ठेवायचे. केसांवर स्राव आणि जंतू साठतात. दुसरीचं ब्लेड वापरायचं नाही.

कपड्यांचं नीट ऐका. आपण ब्लाऊज आणि आतले कपडे कुणाला दिसू नयेत म्हणून साडीखाली किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात वाळत घालतो. ते आंबट ओले राहतात आणि तोच वास दुसऱ्या दिवशी अंगावर चढतो. ब्लाऊज उलटा करून, काखेची बाजू वर काढून कडक उन्हात वाळवा. लाज ब्लाऊजची कशाला? टेरिलीन, नायलॉनचं कापड वास धरून ठेवतं. कामाच्या ब्लाऊजला निदान काखेपाशी सुती पट्टी लावून घ्या. आपल्या गटांत शिवणकाम करणाऱ्या कितीतरी जणी आहेत, त्यांना हे सांगायला नको.

तुरटी पूर्वीपासून घरात आहे. ओल्या काखेवर हलकी फिरवली तर थोडा उपयोग होतो. पण कापलेल्या, सोललेल्या कातडीवर नको. लिंबू पिळून, खाण्याचा सोडा चोळून काख भाजून घेतलेल्या मुली आम्ही पाहिल्यात. तसलं काही करू नका. नुसता सुगंधी फवारा मारला तर वास तासाभरासाठी झाकतो, घाम थांबत नाही.

एवढ्यानं भागलं नाही, तर त्वचारोगाच्या डॉक्टरांकडं जायचं. जंतू कमी करणारं धुण्याचं औषध ते देतात. त्यात बेन्झॉईल पेरॉक्साईड असेल तर जपून, कपड्याचा रंग उडतो. लग्नातला ब्लाऊज घालायच्या आधी काख नीट धुवा. घाम कमी करणारं ॲल्युमिनियम क्लोराईडचं औषध असतं. ते रात्री झोपताना पूर्ण कोरड्या काखेला लावायचं आणि सकाळी धुवायचं. केस काढले असतील त्या दिवशी लावायचं नाही, आग होते. सुरुवातीला रोज लावायचं, फरक पडला की आठवड्यातून एकदोनदा पुरतं. लावायची मलमं, जंतूंवरची औषधं डॉक्टरांनी सांगितली तरच घ्या. मेडिकलवाल्याला विचारून नळी आणली आणि महिनोन्‌महिने चोळली, असं नको.

यापुढची पायरी इंजेक्शनची. बोट्युलिनम टॉक्सिन नावाचं औषध काखेत बारीक सुईनं जागोजागी टोचतात. घाम कमी होतो, त्याबरोबर वासही कमी होतो. पण काही महिन्यांनी असर ओसरतो, पुन्हा टोचावं लागतं आणि ते महाग आहे. मोठ्या शहरांत यंत्रानं उष्णता देऊन ग्रंथी जाळायचेही उपचार निघालेत. तेही खर्चिक.

आणि सगळ्यांत शेवटी ऑपरेशन. ते ऑपरेशन नेमकं काय, ते आता सांगतो.

काखेतल्या घडीत छोटा छेद घेतात. त्यातून कातडी अलगद उचलतात आणि आतल्या बाजूला चिकटलेल्या त्या दुसऱ्या तऱ्हेच्या ग्रंथी कात्रीनं खरवडून, कातरून काढतात. दुसऱ्या पद्धतीत बारीक छिद्रातून नळी घालून ग्रंथी खरवडतात आणि ओढून घेतात. पूर्वी काखेतली कातडीच कापून काढायचे, त्यात व्रण मोठा राहायचा आणि हात आखडायचा. ग्रंथी काढल्यावर कातडी परत खाली बसवून टाके घालतात आणि वरून घट्ट दाबाची पट्टी बांधतात. ही पट्टी फार महत्त्वाची. कातडी खाली नीट चिकटली नाही, आत रक्त साठलं, तर ती कातडी काळी पडून मरते. म्हणून त्यानंतर काही दिवस हात वर करायचा नाही, डोक्यावर हंडा घ्यायचा नाही, धुणं आपटायचं नाही, लेकरू काखेला मारायचं नाही. टाके साधारण १० ते १४ दिवसांनी निघतात. जड कामाला तीनचार आठवडे सुट्टी धरून चाला. जाहिरातीत एक तास लिहिलेला असतो, हा महिना लिहिलेला नसतो.

फायदा होतो का? योग्य बाईची निवड झाली आणि हात चांगला असला, तर वास बराच कमी होतो. पण सगळ्या ग्रंथी कधीच निघत नाहीत. थोडा वास राहतो, काहींचा काही काळानं परत येतो. काखेतले केस विरळ होतात. व्रण राहतो, कातडी काळसर पडते, काही दिवस बधिरपणा राहतो. जंतुसंसर्ग होऊ शकतो. कोवळ्या वयात केलं तर ग्रंथी पुन्हा वाढायची शक्यता असते, म्हणून वयात येणाऱ्या मुलींना डॉक्टर थांबायला सांगतात.

आणखी एक गोष्ट आपल्या बायांसाठी. मिसरी लावणाऱ्या, तंबाखू खाणाऱ्या बाईची जखम उशिरा भरते, उचललेली कातडी मरायचा धोका वाढतो. डॉक्टर विचारतील तेव्हा "नाही हो" म्हणून पदर तोंडाला लावू नका, खरं सांगा. साखर असेल, गरोदर असाल, अंगावर पाजत असाल, तेही सांगा.

आता त्या मुलीचं काय झालं ते सांगतो. गटानं असं ठरवलं की कर्ज नाकारायचं नाही, पण आधी सरकारी दवाखान्यात त्वचारोग विभागात दाखवायचं. गाडीभाड्याचे पैसे गट देईल. आपल्या राज्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी मोफत आहे. तिच्या आईबरोबर गटाच्या सचिव गेल्या. डॉक्टरांनी भिंग लावून काख पाहिली. केसांना पिवळसर कण चिकटलेले होते. तो जंतूंचा थर होता. डॉक्टरांनी केस काढायला सांगितले, धुण्याचं औषध आणि लावायचं मलम दिलं, महिन्यानं परत बोलावलं. दोन फेऱ्यांत वास एवढा उतरला की ऑपरेशनचा विषयच निघाला नाही. ४० हजार वाचले. मुलगी आता पुन्हा कॉलेजला जाते. पाहुणे येऊन गेले, पण आता तीच म्हणते, पदवी झाल्याशिवाय बघायचा कार्यक्रम नको.

पण म्हणून ऑपरेशन कुणालाच लागत नाही, असं समजू नका. दुसऱ्या गावातल्या एक ताई शाळेत पोषण आहार शिजवतात. वय ३४. मोठ्या चुलीपुढं दिवसभर. पालकांनी तक्रार केली, काम जायची वेळ आली. त्यांनी सहा महिने सगळे उपचार केले, फरक थोडा पडला, पुरेसा नाही. डॉक्टरांनी जाळीचं फडकं काखेत फिरवून, ते दुरून हुंगून वासाची तपासणी केली, दुसऱ्या एका डॉक्टरांकडूनही करून घेतली. मग शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्लास्टिक सर्जरी विभागात पाठवलं. आधी एक काख, ती पूर्ण भरल्यावर दुसरी. ऑपरेशनला फारसे पैसे लागले नाहीत. लागले ते राहण्याखाण्याला, गाडीभाड्याला, ड्रेसिंगच्या फेऱ्यांना आणि बुडालेल्या मजुरीला. गटानं १२ हजार दिले आणि पहिला हप्ता तीन महिन्यांनी घ्यायचा ठराव केला. गटातल्या बायांनी पाळी लावून त्यांचं पाणी भरलं. एका बाजूला व्रण जरा जाड राहिलाय. वास पूर्ण गेला नाही, पण आता पोषण आहाराच्या खोलीत कुणी नाक मुरडत नाही. ताई म्हणतात, "व्रण ब्लाऊजमध्ये झाकतो. वास कशात झाकणार होते?"

आणि तिसऱ्या तऱ्हेची बाई असते, तिच्याबद्दलही बोलायलाच हवं. तिला दिवसरात्र वाटतं की आपल्याला वास येतो. ती दहादा धुते, कुणी खाकरलं तरी तिला वाटतं आपल्यामुळंच. पण घरातल्यांना, मैत्रिणींना, डॉक्टरांना, कुणालाही वास येत नाही. तिचा त्रास खरा आहे, पण तो काखेत नाही, मनात घर करून बसलाय. अशा बाईनं ऑपरेशन केलं तर व्रण मिळेल, समाधान मिळणार नाही. तिला मनाच्या डॉक्टरांची मदत हवी. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतून बोलता येतं. तिची चेष्टा करायची नाही.

तर मैत्रिणींनो, गटात असा अर्ज आला तर काय करायचं? आम्ही आमच्या गटांसाठी काही प्रश्न ठरवलेत, तुम्हीही वहीत लिहून ठेवा.

त्वचारोगाच्या डॉक्टरांनी तपासलंय का, आणि वास आहे असं त्यांनाही वाटतं का? औषधं निदान दोनतीन महिने नीट वापरून झाली का? ऑपरेशन कोण करणार, त्यांची पदवी कोणती, अशी ऑपरेशनं त्यांनी आधी केलीत का? कोणती पद्धत, व्रण किती? वास राहिला किंवा परत आला तर पुढं काय? ड्रेसिंग गावात कोण करील? सगळा खर्च कागदावर लिहून दिलाय का? महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारलंय का? आणि शेवटचा प्रश्न घरच्यांना: एक महिना पाणी कोण भरणार, भाकरी कोण थापणार?

जो दवाखाना "आजच भरा, उद्या सूट संपेल" म्हणतो, तिथून उठून या. "कायमचं, शंभर टक्के" असं जो म्हणतो, तिथूनही उठून या. लग्नाच्या बोलणीत सासरच्यांनी ऑपरेशनची अट घातली, तर त्या सोयरिकीचाच विचार करा.

आणि एक विनंती. गटातल्या कुणाच्या अंगाला वास येत असेल तर पाठीमागं बोलू नका. तिच्या जवळच्या एखादीनं, चौघींत नाही, एकटीला गाठून, प्रेमानं सांगावं: "ताई, राग नको मानू, तुला त्रास होतोय का? आपण दोघी दवाखान्यात जाऊ." एवढ्या वाक्यानं एखादीचं शिक्षण वाचतं, एखादीचं काम वाचतं. आपल्या बैठकीतली मागची जागा रिकामी होत नाही.

पुढच्या बैठकीत हे भाषण वाचून दाखवा. प्रश्न असतील तर चिठ्ठीवर लिहून, नाव न घालता, गटाच्या डब्यात टाका. तुमच्या समन्वयक ताई ते डॉक्टरांपर्यंत पोचवतील, उत्तरं आम्ही इथंच सांगू. उन्हाचे दिवस आहेत, पाणी भरपूर प्या, काळजी घ्या. नमस्कार.